नदीला नकाशा दाखवा

कोल्हापूर-सांगलीच्या पूररेषा मोठ्या शिस्तीच्या. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. पंचगंगा आणि कृष्णा मात्र अडाणी: २००५, २०१९, लगेच २०२१. हिशेब कच्चा, दुसरं काय! माणसं हुशार. आधी रेषेच्या आत भराव, मग मंगल कार्यालय, मग ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट. महापुरात तो व्ह्यू थेट दिवाणखान्यात येतो, तोही जादा आकार न लावता. पुढे पंचनामे, सानुग्रह अनुदान, नेत्यांचे बोटीतून दौरे. पाणी ओसरलं की मागणी ठरलेली: रेषा जाचक आहे, जरा नदीकडे सरकवा! म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक मिटा आणि गल्लीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं?