घसारा संपल्यानंतरचं सुख

नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की सेकंडहँड होते. मग सेकंडहँडच घ्यावी. किंमत घसरण्याचा तो धक्का दुसऱ्या कुणीतरी रीतसर कर्ज काढून सोसलेला असतो. मारुती ८०० चंच बघा. १९८३ ते २०१४ अशी ती बनत राहिली. एवढ्या काळात तिचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन न उघडलेला मेकॅनिक शोधावाच लागेल. घसाऱ्याला आता तिच्याकडून घेण्यासारखं काही उरलेलं नाही. दारावर ओरखडा उठला की नव्या गाडीचा मालक सोसायटीकडे सीसीटीव्हीचं फुटेज मागतो. आठशेच्या मालकाला दारावरच्या ओरखड्यांतला नवा कोणता, हेच कळत नाही. हप्ता नाही, आणि गाडी उसनी मागणारा मेहुणाही नाही.

आक्षेप दोन, आणि दोन्ही रास्त. एअरबॅग नाहीत, म्हणून तिला द्रुतगती मार्गावर न नेता मंडईपर्यंतच न्यावं. दुसरा धुराचा. त्यासाठी पंधरा वर्षांनंतर आरटीओ गाडी तपासतं, पर्यावरण कर घेतं आणि मगच नोंदणी पाच वर्षांनी वाढवतं. पण नव्या गाडीचं पोलादही झाडाला लागत नाही, आणि एकट्या माणसाला जिममधल्या चालण्याच्या यंत्रापर्यंत पोचवणारी भलीमोठी एसयूव्ही हवा शुद्ध करत जात नाही. राहता राहिली प्रतिष्ठा. ती मात्र जाते. पण पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला निघालेली मंडळी गाडी बघूनच आकडा ठरवतात, तेव्हा हा तोटा कोणत्या बाजूला मांडायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.