मॅलाम्यूटवाले

मिनेसोटा किंवा अलास्कासारख्या थंड मुलखात, हिवाळ्यात एखादा गृहस्थ मागे रेलून, टाचा रोवून, तरीही भरधाव पुढे येताना दिसला, की समजावं हे मॅलाम्यूटवाले. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अडतीस-चाळीस किलोंचा कुत्रा असतो. ज्याच्या पूर्वजांनी मणभर ओझी बर्फावरून ओढली, त्याच्यापुढे विमा कंपनीतला एक कारकून तो काय!

"वा, हस्की का?" असं मात्र विचारू नये. सोयरिकीच्या बैठकीत कुणी घराणं चुकीचं सांगितलं की वरमामाचा चेहरा होतो, तसा यांचा होतो. हस्की? डोळे बघा, तपकिरी! मॅलाम्यूटचा डोळा निळा निघाला तर प्रदर्शनातून बाद. आणि हस्कीचं वजन ते किती? सत्तावीस किलो, फार झालं!

मग वंशावळ सुरू होते. वायव्य अलास्कात कोत्झेब्यू खाडीच्या काठचे माहलेमिउट लोक, त्यांच्या सीलच्या शिकारी, ते मांस घरी ओढून आणणारे कुत्रे. 1896 साली क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि या कुत्र्यांनाही सोन्याचा भाव आला. पुढे सोनं शोधणाऱ्यांनी नाही नाही त्या कुत्र्यांशी संकर केले (इथं आवाज खाली येतो). नंतर न्यू हॅम्पशायरच्या सीली दांपत्यानं वाण जपला, 1935 मध्ये अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळाली, 2010 मध्ये हा अलास्काचा अधिकृत कुत्रा झाला. अॅडमिरल बर्डच्या अंटार्क्टिक मोहिमेचा उल्लेख तर प्रथमपुरुषी असतो: "आम्ही दक्षिण ध्रुवाकडेही गेलो होतो." असं म्हणणारा माणूस गाडीची सीट गरम झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

1925 साली घटसर्पाचं प्रतिविष अलास्कातल्या नोम गावाला पोहोचवणाऱ्या बाल्टो कुत्र्याचा विषय काढू नये. तो हस्की होता. काढलाच तर चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकासच्या 'इंडियाना' नावाच्या कुत्र्यावर गाडी वळते. त्या मॅलाम्यूटवरून 'स्टार वॉर्स'मधला केसाळ चुबाका सुचला आणि इंडियाना जोन्सला नाव मिळालं, हे ऐकल्याशिवाय सुटका नाही.

घरची हकिगत ते सांगत नाहीत, बायको सांगते. केस गळायचे दिवस आले की पोत्यानं लोकर झडते. आमटीत केस निघाला तर तो कुणाचा, हे विचारायची पद्धत त्या घरात उरलेली नाही. अंगणात विहिरी खणल्यासारखे खड्डे. ओट्यावरचा अख्खा भाजलेला टर्की एकदा गेला तो गेलाच. शेजाऱ्यांचं मांजर खिडकीतूनच ऊन खातं. भुंकणं मात्र जवळजवळ नाही. काही हवं असलं की तोंड वर करून "वू-वू-वू" असं लांबलचक भाषण.

"म्हणजे राखणीला चांगला असेल?" पाहुणे विचारतात. गृहस्थ पहिल्यांदाच गप्प बसतात. एव्हाना कुत्रा त्या अनोळखी पाहुण्यांच्या मांडीवर चढलेला असतो.

"चोर आला तर सामान चोराच्या गाडीपर्यंत ओढून देईल," बायको म्हणते.


"भारवाहू जात आहे!" गृहस्थ अभिमानानं सांगतात.