छत्तीस सेकंदांचा किलोमीटर

डब्यातली मंडळी झोप, डबे आणि राजकारण यांत रमलेली असताना एखादा इसम खिडकीला चिकटून, मांडीवर वही घेऊन घड्याळाकडे बघत बसलेला दिसतो. तो गाडीची वेळ टिपत असतो. वेळापत्रकातली नव्हे, खरी. त्या जमातीत माझीही गणना होते.

या छंदाला भांडवल फारसं लागत नाही. रुळांकडेला विजेच्या तारांचे खांब असतात. त्यांवर वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरातल्या खांबाचा नंबर. किलोमीटर बदलला की सेकंद बघायचे आणि ३६०० ला त्यांनी भागायचं. ३६ सेकंद आले की वेग ताशी १००. पूर्वी हे डोळे मिटूनही जमायचं. रूळ १३ मीटरचे, त्यामुळे ४७ सेकंदांत सांध्यांवरचे जेवढे खटके मोजाल, तेवढा ताशी वेग. पुढे सांधे जोडून रूळ लांबलचक झाले. प्रवास सुखाचा झाला, असं इतरांचं मत आहे.

“तुम्ही रेल्वेत आहात का?” समोरच्या काकू विचारतात. नाही म्हटल्यावर त्या पर्स जरा जवळ ओढतात.

पण वही ठेवली की रेल्वेच्या खोडी कळतात. सीएसएमटीहून निघालेली एक्स्प्रेस ९ किलोमीटरवरचं दादर दहा-बारा मिनिटांत गाठते. परतताना मात्र त्याच अंतराला वेळापत्रक तिला दुप्पट वेळ देऊन ठेवतं. कल्याणला रखडलेली गाडी मुंबईत ‘वेळेवर’ कशी पोचते, ते इथे उमगतं. अंतराचंही तेच. कोकण रेल्वेवर भाडं आकारताना प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरतात. खांबाचं गणित वेगळं, तिकिटाचं वेगळं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली, असं सांगतात. ‘तासाभरात’ म्हणून कुणी भागवलं नाही. म्हणजे त्या जल्लोषातही कुणाचं तरी लक्ष घड्याळात होतं. आज धीम्या लोकललाही, मधली सगळी स्टेशनं घेत, साधारण तेवढाच वेळ लागतो.

या नादाचा मोठा फायदा म्हणजे उशिराचा राग येत नाही. कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावून १ ला ३७ असा चढ चढणारी गाडी घाटात थांबली की सगळा डबा रेल्वेचा उद्धार करतो. मी खांबाचा नंबर आणि वेळ लिहून घेतो. “अर्धा तास झाला हो!” असं कुणी तावातावाने म्हणालं, की वहीत बघून सांगतो, “अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.”

मग डब्याचा राग रेल्वेला सोडून माझ्याकडे वळतो.