हरणाऱ्यांचे आप्पा

दुबईच्या कराम्यात नवं हॉटेल निघालं की आमच्या मराठी मंडळातले लोक पहिला प्रश्न विचारतात, "आप्पा जाऊन आले का?" आप्पा जाऊन आले असतील आणि त्यांना जेवण आवडलं असेल, तर बाकीचे त्याच आठवड्यात तिथलं जेवण उरकून घेतात. आप्पांना आवडलेली जागा फार दिवस टिकत नाही. मध्ये एका पोरानं मिसळीचं दुकान काढलं. आप्पांनी दुसरी प्लेट मागवली, निघताना गल्ल्यापाशी जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "असा रस्सा मी आखातात खाल्ला नाही." पोरगं खूश झालं. नवीन होतं, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

वहिनींच्या मते हा सगळा यांच्या हाताचा गुण. "यांना आवडलं ना, की समजायचं बंद पडणार," असं त्या पाहुण्यांसमोर सांगतात. मला ते पटत नाही. आप्पा काही बंद पाडत नाहीत; जे बंद पडणार आहे तेवढंच त्यांच्या डोळ्यांत भरतं. चाललेल्या गोष्टीकडे त्यांची नजरच वळत नाही.

आप्पा राहतात शारजाला, कारण तिथं भाडं कमी. नोकरी दुबईत देऱ्याला, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्समध्ये. मी त्यांच्या कारलिफ्टमध्ये असतो, म्हणजे महिन्याला ठरलेले दिरहम देऊन इत्तिहाद रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये त्यांच्या शेजारी बसतो. गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे आप्पांना बोलायला भरपूर वेळ मिळतो. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये समजलेलं आहे.

'रुद्रम' त्यांनी मला असंच ट्रॅफिकमध्ये सांगितलं. 2017 साली झी युवावर आलेली मालिका. गिरीश जोशींचं लेखन, भीमराव मुडेंचं दिग्दर्शन आणि मध्यभागी मुक्ता बर्वे. घरातली माणसं एका झटक्यात गमावलेली बाई त्यामागचं कारण शोधत निघते. सासू-सुनेचं भांडण नाही, मंगळसूत्रावर तीन बाजूंनी कॅमेरा फिरत नाही, आणि गोष्ट संपली तेव्हा मालिकाही संपली. समीक्षकांनी वाखाणली. आमच्या मंडळात मात्र तेव्हा कुणी तिचं नावही घेत नव्हतं. मंडळातल्या बायका दुसऱ्या वाहिनीवर होत्या आणि पुरुष त्यांच्या मागच्या सोफ्यावर.

आप्पांच्या घरी रिमोट वहिनींकडे असतो. म्हणून डोंबिवलीची बहीण रोज रात्री भाग बघून त्यांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायची. इथं व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, निरोप मात्र येतो. त्यामुळे 'रुद्रम' आप्पांनी पाहण्याआधी अख्खी ऐकली, तीही ताईंच्या आवाजात आणि मागे कुकरच्या शिट्ट्यांसह. "आणि दादा, मग ती दार उघडते... अरे थांब, दूध उतू गेलं." त्या दुधापायी आप्पा एक रात्र तळमळले होते. पुढे त्यांनी सगळे भाग डोळ्यांनीही पाहिले, पण ताईंची सर त्याला नाही असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

मंडळाच्या गणपतीत त्यांनी एकदा ठराव मांडला, की सांस्कृतिक कार्यक्रमात 'रुद्रम'चे दोन भाग पडद्यावर दाखवावेत. अनुमोदन मिळालं नाही. लकी ड्रॉ झाला. आप्पांना त्यात मिक्सर लागला आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

क्रिकेटचंही तेच. शारजात पंचेचाळिशीच्या पुढचा मराठी माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला तो 22 एप्रिल 1998 ला स्टेडियममध्ये असतो. वाळूचं वादळ, सचिनचे 143, सगळं त्यानं स्वतः पाहिलेलं. असं म्हणणाऱ्या साऱ्यांची बेरीज केली, तर त्या दिवशी शारजाच्या स्टेडियममध्ये निम्मा ठाणे जिल्हा बसला होता असं निघेल. आप्पा मात्र शांतपणे म्हणतात, "मी नव्हतो. मी 13 एप्रिल 1994 ला होतो." त्या दिवशी काय झालं हे कुणाला आठवत नाही, आणि आप्पांना हवी असते ती नेमकी हीच शांतता. त्या दिवशी यूएई आपला पहिला एकदिवसीय सामना खेळली, भारताविरुद्ध, आणि हरली. आप्पा तेव्हा नुकतेच आले होते, बॅचलर रूममध्ये खाट मिळाली होती. समोर सचिन आणि अझर असताना या माणसानं टाळ्या वाजवल्या त्या यूएईसाठी.

तेव्हापासून ते यूएईचे. 1996 च्या विश्वचषकात रावळपिंडीला कर्णधार सुलतान झरवानी ॲलन डोनाल्डसमोर हेल्मेट न घालता, उन्हाची टोपी घालून उतरला आणि पहिलाच चेंडू त्याच्या डोक्यावर बसला. जगानं त्याला वेडा म्हटलं. आप्पा म्हणतात, "हेल्मेट घालून काय, कुणीही जाईल." त्याच सामन्यात गॅरी कर्स्टननं नाबाद 188 ठोकल्या होत्या, पण कर्स्टनचा विषय काढला की आप्पा एसी वाढवतात.

त्यांचा या संघावरचा जीव नुसता हट्टापायी नाही. हा संघ बराचसा आप्पांसारख्याच माणसांचा आहे: दुसऱ्या देशात जन्मलेली, इथं पोटासाठी आलेली, ऑफिस सुटल्यावर सराव करणारी. खुर्रम खान एमिरेट्सच्या विमानात पर्सर होता. 30 नोव्हेंबर 2014 ला दुबईत त्यानं अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद 132 धावा केल्या तेव्हा तो 43 वर्षांचा होता, आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये शतक करणारा सर्वांत वयस्क फलंदाज ठरला. त्या वर्षी आप्पाही चाळिशी ओलांडून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्ट सोडून जिना धरला.

आणि स्वप्नील पाटील! आपल्या वसईकडचा पोरगा, यूएईचा यष्टिरक्षक. फेब्रुवारी 2014 मध्ये न्यूझीलंडमधल्या लिंकनला, स्कॉटलंडविरुद्ध, पहिल्याच एकदिवसीय सामन्यात नाबाद 99. एक धाव आणखी झाली असती तर पेपरात फोटो आला असता, मंडळानं शाल-श्रीफळ दिलं असतं. ती एक धाव राहिली म्हणून तो आप्पांच्या वाट्याला आला. सामना अर्थातच हरले. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात यूएईनं सहाही सामने गमावले. वेलिंग्टनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पाटील नाबाद 57, संघात सर्वाधिक. हा आकडा लक्षात ठेवा, आप्पा पुढे तो वापरणार आहेत.

मुंबई इंडियन्सवरही आप्पांचं एकदा प्रेम बसलं होतं, ते बरोबर दोन आठवडे टिकलं. 2014 च्या एप्रिलमध्ये भारतातल्या निवडणुकांमुळे आयपीएलचा पहिला टप्पा इकडे झाला. मुंबई गतविजेते म्हणून आले आणि इथले पाचही सामने हरले. आप्पा भारावून गेले. "विजेते असून पाच! याला दर्जा लागतो." निळा शर्ट घेतला. मग संघ भारतात परतला, सावरला आणि थेट प्ले-ऑफमध्ये पोचला. पुढे तर चषकांची रांगच लागली. 2020 ची अंतिम लढत तर दुबईतच मुंबईनं जिंकली. त्या शर्टानं वहिनी आता ओटा पुसतात.

हे असं का, हे मी एकदा विचारलं. अल मुल्ला प्लाझाच्या सिग्नलला गाडी अडकली होती. आप्पा म्हणाले, "वानखेडेवर तीस हजार लोक टाळ्या वाजवतात. त्यात माझी टाळी कुणाला ऐकू येणार? स्पोर्ट्स सिटीत आयसीसीच्या अकादमीच्या मैदानावर जा. तिथं एक सिक्युरिटीवाला, दोन खेळाडूंच्या बायका आणि मी. मी टाळी वाजवली की बाउंड्रीवरचा पोरगा मान वळवून हात करतो. परवा एकानं विचारलं, अंकल, गेल्या मॅचला दिसला नाहीत?"

म्हणजे बघा, थोडा अहंकार आहेच. हरणाऱ्याच्या दारात गर्दी नसते आणि आप्पांना खुर्ची पुढची लागते. पण तीन दशकं या देशात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला 'दिसला नाहीत' असं विचारणारं इथं दुसरं कोण आहे? कंपनी विचारते ती व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी. क्रिकेटचा संघ हे एकच खातं असं, जिथं पाठीराखा व्हायला एमिरेट्स आयडी लागत नाही.

आणि अशात संघ जिंकायला लागला.

सुरुवात ऑगस्ट 2023 मध्ये झाली. दुबईत टी-ट्वेंटीत न्यूझीलंडला हरवलं. आप्पांनी अपघात म्हणून सोडून दिलं. मग मे 2025 मध्ये शारजाला बांगलादेशाविरुद्धची मालिका 2-1 अशी जिंकली, तीही एका सामन्यात दोनशेच्या वरचं लक्ष्य गाठून. त्याच महिन्यात बँकॉकला यूएईच्या मुलींनी तर कहर केला. मुंबईत जन्मलेली ईशा ओझा कप्तान. तिचे 113, तीर्था सतीशचे 74, कतारविरुद्ध बिनबाद 192. पावसाची भीती होती आणि टी-ट्वेंटीत डाव घोषित करता येत नाही. मग सलामीच्या दोघींसकट दहाही जणी एकेक करून 'रिटायर्ड आउट' झाल्या. पॅड बांधून यायचं, क्रीजला शिवायचं, परत जायचं. कतारचा डाव 29 वर आटोपला. आप्पांनी तो धावफलक छापून ऑफिसच्या फळ्यावर लावला. "एवढे भोपळे आणि तरी विजय! सगळ्यांना पुरून उरलो." पण आवाजात काळजी होती. जिंकण्याची सवय लागली तर पुढे कसं होणार?

आशिया चषकानं थोडा दिलासा दिला. 10 सप्टेंबर 2025, दुबई, समोर भारत. स्टेडियम निळं आणि आप्पा यूएईच्या शर्टात. कुलदीप यादवनं 7 धावांत 4 घेतले, आमच्या मुंबईच्या शिवम दुबेनं 4 धावांत 3. यूएई सर्वबाद 57, अवघ्या 13.1 षटकांत. भारतानं ते 27 चेंडूंत फेडले. आप्पा मध्यंतरात समोसे आणायला गेले आणि परत आले तेव्हा लोक बाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी कारलिफ्टमध्ये सगळे त्यांच्यावर तुटून पडले. आप्पांनी आरसा नीट केला आणि म्हणाले, "2015 ला एकट्या पाटीलचे 57, काल अख्ख्या टीमचे 57. आता सांगा, वसईचा माणूस किती मोठा?" गाडीत कुणी बोललं नाही. आम्ही तिघंही पालघरच्या बाजूचेच.

पण ऑक्टोबरात हाच संघ 2026 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला पात्र ठरला. वर्तमानपत्रांत फोटो आले. ऑफिसात ज्यांना यूएईचा संघ आहे हेही ठाऊक नव्हतं, ते आप्पांना खेळाडूंची नावं सांगू लागले. त्या आठवड्यात आप्पांनी गाडीत जुनी नाट्यगीतं लावली आणि कुणाशी बोलले नाहीत.

मग त्यांना बेसबॉल सापडला.

दुबईच्या टोकाला, ऊद अल बैदाच्या वाळूत, बेसबॉल युनायटेड नावाच्या लीगनं मैदान बांधलं, अमेरिकेतल्या बॅरी लार्किन या जुन्या नामवंत खेळाडूच्या नावानं. संघ चार, त्यात एक मुंबई कोब्राज. 14 नोव्हेंबर 2025 ला पहिला सामना: मुंबई विरुद्ध कराची. क्रिकेटवेड्या देशांतल्या शहरांच्या नावानं संघ, बरेचसे खेळाडू भलत्याच खंडांतले आणि सामने वाळवंटात. आप्पांना एका जागी इतकं सगळं कधी मिळालं नव्हतं. मंडळात त्यांनी सांगून पाहिलं की मुंबईचा बेसबॉल संघ इथं खेळतोय. लोक "हो का?" म्हणाले आणि दिवाळी पहाटेच्या हिशेबावर परत आले. आप्पांचा चेहरा उजळला.

गेले ते खानसाहेबांना घेऊन. खानसाहेब कराचीचे, आप्पांच्याच कंपनीत गोदाम सांभाळतात. दोघं रोज चार वाजता एका टपरीवर करक चहा पितात आणि दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांना शिव्या देतात. मैदानात मात्र दोघांचीही पंचाईत झाली. खेळ कळेना. शिवाय या लीगमध्ये 'मनीबॉल' नावाचा प्रकार आहे: फलंदाजीची बाजू तो मागू शकते आणि त्यावर होमरन बसला तर धावा दुप्पट. आप्पा खुर्चीतून उठले. "दुप्पट? एंट्री एक आणि पोस्टिंग दोनदा? हे ऑडिटला कसं चालतं?"

खरी अडचण वेगळीच होती. हरतंय कोण हे कळेना, आणि ते कळल्याशिवाय आप्पांना ओरडता येत नाही. खानसाहेब म्हणाले, "आप मुंबई के लिए चिल्लाओ, मैं कराची के लिए, हिसाब बराबर." आप्पांना ते तत्त्वतः मान्य नव्हतं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका अमेरिकन पोरानं फलक समजावून दिला. कोण मागे आहे हे समजल्यावर आप्पा उभे राहिले आणि जाळी हलेपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मागे मुंबई होती की कराची, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की खानसाहेबही नुसते हसतात.

परवा मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्या मैदानाचा व्हिडिओ टाकला. खाली भराभर अंगठे आले. 'मुंबईची टीम? चला की सगळे!' 'पुढच्या मोसमात बस करूया का?' 'मुलांनाही घेऊ, टोप्या छापू.' अर्ध्या तासात सतरा नावं झाली. आप्पांचा निरोप अकरा वाजता आला: 'जागा फार लांब आहे. पार्किंगचे हाल. खेळ अजिबात कळत नाही. लहान मुलांना आणू नये.'

दोन मिनिटांनी मला वेगळा: 'आपलं नक्की ना? खानसाहेब डबा आणतायत. कुणाला बोलू नकोस.'