शेपटीची गादी

ग्लायडर आकाशात राजहंस असतं. जमिनीवर उतरलं की त्याचा नवरदेव होतो. चार जणांनी धरून चालवावं लागतं. आमच्या इंग्लंडातल्या क्लबाचं एएसके-२१ घ्या. पंखांचा पसारा १७ मीटर, रिकामं वजन ३६० किलोच्या आसपास. ते वळवायचं तर शेपटीला कमरपट्ट्यासारखी एक चाकवाली डॉली आवळावी लागते. तिची आतली गादी झिजली आहे, हे मी सभेत बोलून बसलो. जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, ही पद्धत पुण्याच्या सोसायट्यांतून इकडे आली की इकडून तिकडे गेली, देव जाणे.

पहिल्यांदा घरातला उरलेला गालिचा लावला. मऊ होता, पण मैदानावरची वाळू त्यात जाऊन बसली, आणि डॉली आवळताना शेपटीच्या चकचकीत जेलकोटवर पॉलिश पेपर फिरू लागला. मग जुन्या सोफ्याचा स्पंज लावला. रात्री पाऊस झाला. सकाळी आमच्या वयोवृद्ध प्रशिक्षकांनी एक अक्षरही न बोलता तो माझ्यासमोर फडक्यासारखा पिळला. ओली गादी चिकटून राहिली की जेलकोटला फोड येतात, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

आईला फोनवर सांगितलं.

"हडपसरला उडतात तसलंच ना? जुन्या लुगड्याची चौघडी घाल की. बाळाला टोचत नाही, तर तुझ्या विमानाला काय टोचतंय?"

"अगं, ती पाणी पिते."

"मग वरून मेणकापड घाल. तुझ्याखाली नाही का घालत होतो!"

मऊही हवं आणि पाणीही प्यायला नको. मी फोन ठेवला आणि माझी नजर कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या बायकोच्या योगा मॅटवर गेली.

मॅट ६ मिलिमीटरची. मी मायेनं दुहेरी लावली. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. अंतरपाट दूर झाल्यावर "जरा डावीकडे" म्हणायची सोय नसते. पट्टी तिरकी बसली ती बसलीच. वर डॉली मिटेना! दोन्ही बाजूंचे १२-१२ मिळून आतली जागा २४ मिलिमीटरनं घटली होती, हे गणित मला गोंद वाळल्यावर सुटलं. सगळं खरवडण्यात एक दुपार गेली. दुसऱ्या खेपेला एकेरी पट्टी लावली आणि डॉली घट्ट बसली. वर तिला भडक लाल रंगही दिला, कारण ती काढायला विसरून उड्डाण केलं तर वजन मागे सरकतं आणि ग्लायडर वैमानिकाच्या काबूत राहीलच असं नाही.

सहा फुटांच्या मॅटची आता तीन फूट उरली आहे. बायको सध्या फक्त बसून करायची आसनं करते.