ओळखपरेड : पंक्चर किटमधल्या अनोळखी मंडळींची
(नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शक. चित्रं आयत्या वेळी मिळाली नाहीत.)

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही सायकल घेतलीत. पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकात आळंदी रस्ता, धानोरीचा रस्ता आणि विमानतळाकडचा रस्ता एकत्र येतात आणि एकमेकांची वाट अडवून उभे राहतात. तिथे सायकल घेणं धाडसाचंच. पंक्चर किट घेणं त्याहून धाडसाचं. सायकल कशासाठी असते हे निदान घरच्यांना ठाऊक असतं; किटमधली अर्धी मंडळी कशासाठी आली आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

डबी उघडा आणि आतला ऐवज जुन्या वर्तमानपत्रावर मांडा. चादरीवर मांडू नये. सोल्यूशनचा डाग चादर फाटेपर्यंत साथ देतो. ठिगळं, सोल्यूशनची ट्यूब आणि पॉलिश पेपर ही ओळखीची माणसं बाजूला काढा. उरले ते संशयित. त्यांतला एकही आज कचऱ्यात टाकायचा नाही आणि एकही सायकलीत खुपसून बघायचा नाही. सूचनापत्रक असेल तर ते घडी घालून ठेवा, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली उपयोगी पडतं.

आता डबी तशीच ठेवून सायकलीकडे जा. चाकाच्या आतल्या बाजूला, दोन तारांच्या मधून जी नळी बाहेर आली आहे तो वॉल. किट भरणाऱ्याला तुमची सायकल कुठली ते माहीत नसतं, म्हणून तो जगातल्या यच्चयावत वॉलांसाठी थोडं थोडं सामान भरतो. थोडक्यात, डबीतली जी वस्तू तुम्हाला ओळखू येत नाही ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलची आहे. तेव्हा आधी आपला वॉल ओळखा, मग इतरांची चौकशी करा.

वॉल तीन. पहिला काळ्या, दांडीवाल्या सायकलींचा. एकेकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून पाळी सुटली की रस्ता भरून जायचा त्या सायकलींचा, आणि अजून दूध आणि पेपर टाकणाऱ्यांच्या सायकलींचा. धातूची नळी, वर गोल नट. नट काढला की आतली पिन सुटून हातात येते. दुसरा स्कूटर-मोटारीला असतो तसा, जाड, रबराने मढवलेला, मधोमध बारीक पिन असलेला. गिअरच्या बहुतेक सायकलींना हाच येतो. तिसरा बारीक आणि उंच, त्याच्या डोक्यावर एक इवलासा नट. तो सैल केल्याशिवाय पंपातली हवा आत जात नाही. शर्यतीच्या सायकलींना हा असतो. तो फ्रान्सचा, त्याचं नाव प्रेस्टा, आणि त्याच्या मालकाला ओळखण्यासाठी वॉलपर्यंत जावं लागत नाही, हेल्मेटवरूनच कळतं.

संशयित पहिला : दीड-दोन इंचांची बारीक रबरी नळी. किटमध्ये सर्वांत जास्त अन्याय हिच्यावर होतो. नवशिके हिला कुठल्यातरी वायरचं आवरण समजतात आणि डबीची साफसफाई करताना पहिली हिलाच फेकतात. ही वॉल ट्यूब. पहिल्या प्रकारच्या वॉलची पिन काढून नीट पाहा. तिच्या अंगाला एक बारीक भोक दिसेल. त्या भोकावर ही रबराची नळी ओढून बसवलेली असते. पंप मारला की हवा भोकातून येते, रबर जरा उचलते आणि ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की ट्यूबमधली हवाच ते रबर भोकावर दाबून धरते. ना स्प्रिंग, ना स्क्रू, ना बॅटरी. कैद्यानेच दार लावून घ्यावं अशी ही व्यवस्था. येरवड्याचा तुरुंग इतक्या जवळ असून तिथे ती कुणाला सुचली नाही.

दोष एकच. रबर उन्हाने आणि वयाने कुजतं, चिकट होतं, चिरतं. मग रात्री टणक असलेलं चाक सकाळी बसलेलं सापडतं आणि मालक ‘पंक्चर, पंक्चर’ म्हणत सायकल ढकलत निघतो. झाडाखाली पाण्याचं घमेलं आणि लटकवलेली जुनी ट्यूब, एवढ्याच पाटीवर चालणारं दुकान गाठा आणि तिथे काय होतं ते डोळे उघडे ठेवून पाहा. तुम्ही म्हणता, “काका, पंक्चर काढायचंय.” काका घमेल्याकडे बघतसुद्धा नाहीत. चाकात थोडी हवा मारतात, बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर टेकवतात. थुंकीचा फुगा येतो आणि फुटतो.

“पंक्चर नाय. वॉल ट्यूब गेलीय.”

नट काढून पिन बाहेर, जुनं रबर नखाने खरवडून जमिनीवर, नवा तुकडा ओला करून पिनेवर पिळत पिळत वर. टायर उतरवला नाही, सोल्यूशन लागलं नाही. तुमच्या किटमध्ये काकांच्या या सबंध विद्येइतकं सामान त्या टाकाऊ नळीच्या रूपाने पडलेलं असतं. वॉल दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा असेल तर मात्र ही नळी तुमची नाही. शेजाऱ्याला द्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्यालाही ओळखू येणार नाही.

संशयित दुसरा : पांढऱ्या खडूचा ठोकळा. डांबराची गोळी नव्हे, पोटदुखीचं औषध तर नव्हेच. ठिगळ लावून झालं की त्याच्या कडेने थोडं सोल्यूशन उघडं राहतं. तशीच ट्यूब टायरमध्ये घातली तर ती आतून टायरला चिकटते आणि पुढच्या खेपेला बाहेर ओढताना ठिगळासकट उपटून येते. म्हणून त्या जागेवर या खडूची भुकटी भुरभुरायची. जुन्या पत्र्याच्या डब्यांवर खडू किसण्यासाठी खरखरीत जागा ठोकलेली असायची. आताच्या प्लॅस्टिकच्या डबीत खडू असतो, किसणी नसते. पॉलिश पेपरवर घासा. घरातली टाल्कम पावडरही चालते, फक्त मग चाकाला चंदनाचा वास येतो. जुन्या जमान्यातल्या सायकली आणि त्यांचं सामान एकत्र पाहायचं असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात एक चक्कर टाका. विश्रांतवाडीहून सायकलने गेलात तर पोहोचेपर्यंत या मार्गदर्शकाची उजळणीही होईल.

पिवळा किंवा पांढरा मेणाचा खडू निराळा. तो भोकावर खूण करायला. इथे सगळे नवशिके भोकाभोवती छोटंसं गोल काढतात, मग पॉलिश पेपरने ती जागा घासतात, आणि खूण भोकासकट हरवते. खूण मोठ्या फुलीची करावी, ठिगळाच्या बाहेर चारी टोकं उरतील एवढी.

आता ओळखीच्या मंडळींकडे जरा वळू, कारण त्यांची ओळख आपण समजतो तेवढी नसते. पॉलिश पेपर नुसता ट्यूब स्वच्छ करण्यासाठी नसतो. ट्यूबच्या अंगावर साच्याची एक उभी रेघ असते. ती सपाट झाली नाही तर ठिगळाखालून हवा त्याच रेघेच्या आडोशाने निसटते. ठिगळाला दोन आवरणं असतात, एक चंदेरी आणि एक पारदर्शक. चंदेरी काढायचं, त्याच्या खालची बाजू ट्यूबवर. पारदर्शक राहिलं तरी काही बिघडत नाही. सोल्यूशनच्या ट्यूबचं तोंड बंद असतं म्हणून दाताने फोडू नका. टोपण उलटं करा, त्याच्या माथ्यावर टोचा असतो.

सोल्यूशन लावल्यावर थांबायचं. हे वाक्य पुन्हा वाचा. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ दाबलं की ते घसरतं, द्रव आत अडकतो आणि दहा मिनिटांत ठिगळ एखाद्या कोपऱ्याने सलाम करू लागतं. चकाकी जाऊन जागा मंद दिसेपर्यंत, पाचेक मिनिटं, हात बांधून उभं राहायचं. ज्यांना ही पाच मिनिटं जड जातात त्यांच्या माहितीसाठी : जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने 1888 साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला, पण तो चाकालाच चिकटवलेला असायचा. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँच्या मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच फुटका टायर घेऊन आला. तो काढून दुरुस्त करायला काही तास गेले आणि गोंद वाळायला अख्खी रात्र. त्या वैतागातून त्यांनी 1891 साली काढता-घालता येणारा टायर आणला. काका मात्र तुमच्यासमोर थांबत नाहीत असं वाटेल. ते थांबतात, फक्त तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या चाकात हवा भरून घेतात.

उरलेले परदेशी पाहुणे झटपट उरकू. पितळेचं छोटं टोपण, आरपार भोक असलेलं : बारीक वॉलवर फिरवून बसवलं की स्कूटरच्या पंपाने हवा भरता येते. दोन दात असलेली चिमुकली चावी : वॉलची आतली पिन काढायला, पहिल्या वॉलच्या मालकाला ती कधीच लागणार नाही. चिकट तपकिरी दोऱ्या, फणसपोळी कातरून ठेवल्यासारख्या, आणि सोबत मुठीचा एक जाड टोच्या : हे ट्यूबलेस टायरचं सामान. तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर टोच्याने एकच काम होईल, एका भोकाची दोन भोकं. बोटभर लांबीची धातूची जड नळकांडी : तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, पंपाऐवजी वापरायचा. चाक काही सेकंदांत फुगतं आणि नळकांडी हातात गारठून जाते. तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप मारावा लागतोच. लोहगावच्या विमानतळावर ती बॅगेतून न्यायचा प्रयत्न करू नका. तिथे वेगळी ओळखपरेड होते.

जाड कापडाचा चौकोन ट्यूबसाठी नाही, टायरसाठी. टायर काचेने चिरला तर आतून लावायचा, नाहीतर ट्यूब चिरेतून डोकं काढते. चौकोन हरवला असेल तर दुधाच्या पिशवीची घडी घरी पोहोचेपर्यंत टिकते. चितळ्यांचीच पाहिजे असा आग्रह नाही, पण पुण्यात ती लवकर सापडते.

आकडीच्या तीन पट्ट्या म्हणजे लिव्हर. आकडी तारेत अडकवायची, म्हणजे पट्टी दातांत धरावी लागत नाही. टायर काढायला लिव्हर, बसवायला अंगठे. बसवतानाही लिव्हर घातलात तर नवं ठिगळ लावलेल्या ट्यूबला नवं भोक पडतं.

किटमध्ये कधीच नसलेली वस्तू म्हणजे काटा, आणि तो शोधल्याशिवाय लावलेलं ठिगळ म्हणजे सोल्यूशनची नासाडी. धानोरी-लोहगावच्या बाजूला मोकळ्या जागांवर सराटा पसरलेला असतो. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. वेडी बाभूळ आहेच. आळंदी रस्त्यावर ट्रकच्या फाटक्या टायरांतून सुटलेल्या केसाएवढ्या तारा असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की अडकतात. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉलच्या समोर आणा. मग ट्यूबमधल्या भोकाचं वॉलपासूनचं अंतर मोजून टायरवर नेमकी तीच जागा तपासता येते. आणि शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका. चाकात हवा कमी होती आणि खड्डा खोल होता, एवढंच झालेलं असतं. खड्ड्याचं ठिगळ या किटमध्ये येत नाही.

शेवटची सूचना सोल्यूशनबद्दल. एकदा उघडलेली ट्यूब टोपण घट्ट लावूनही काही महिन्यांत आतल्या आत वाळते, आणि ते पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेलाच कळतं. पावसाळ्याआधी एकदा दाबून बघा. कडक लागली तर नवी आणा. पूर्ण किट आणायची गरज नाही, सोल्यूशन सुटं मिळतं.