पहाटे चारची भूमिती

परीक्षेच्या उजळणीचं वेळापत्रक हा मराठीतला सर्वांत दुर्लक्षित कल्पित-वाङ्मयप्रकार आहे. डिसेंबर सरत आला, की भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत दहावी-बारावीच्या घराघरांत त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. कार्डशीटवर पट्टीनं आखलेले चौकोन, विज्ञानाला हिरवं स्केचपेन, गणिताला लाल, आणि पहिल्याच चौकोनात ‘पहाटे 4 ते 6 : भूमिती’. आंघोळ, देवपूजा आणि नाष्टा मिळून पंधरा मिनिटं. या कथेच्या नायकाला जांभई येत नाही, सर्दी होत नाही, त्याच्या घरी लग्नाची पत्रिका घेऊन कुणी टपकत नाही. अडचण एवढीच, की हा नायक त्या घरात राहत नाही आणि जो राहतो त्याला परीक्षेला बसायचं असतं. म्हणून माझं म्हणणं, की वेळापत्रकात आधी रिकामे चौकोन आखावेत, दिवसाचा तिसरा हिस्सा तरी, आणि मग उरलेल्यात विषय बसवावेत.

हे चौकोन काही रिकामे राहणार नाहीतच. फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर येते तेव्हाच रानात ज्वारी काढणीला येते, मोटारीची लाईट रात्रपाळीत असली तर दारं धरायला घरातलंच कुणीतरी लागतं, आणि लग्नसराई बोर्डाला विचारून येत नाही. दरवर्षी ठरलेल्या या गोष्टींना आपण दरवर्षी ‘अचानक’ म्हणतो. बरं, हा दोष फक्त आपलाच नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? 49. प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. म्हणजे माणसाला स्वतःच्या वाटोळ्याचासुद्धा अंदाज धड बांधता येत नाही! त्याआधी 1885 मध्ये हेरमान एबिंगहाऊस या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरं पाठ करकरून दाखवून दिलं होतं, की पाठांतराचा मोठा भाग एका दिवसातच गळून जातो. आपल्या वेळापत्रकात मात्र प्रत्येक धड्याला एकदाच दर्शन. काल वाचलेलं आज पुन्हा कधी बघायचं, याला चौकोनच नसतो.

‘रिकामा वेळ म्हणजे आळस’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी जरा तुळजापूरकडे बघावं. शारदीय नवरात्राआधी भवानीमातेची निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत पुन्हा निद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी आणखी एकदा. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. साक्षात महिषासुराशी गाठ असूनही विश्रांती आधी ठरलेली, काम झाल्यावरही ठरलेली. आणि आपल्या पोरानं वर्गसमीकरणांशी लढायचं ते पाच तासांच्या झोपेवर. दुसरा आक्षेप असा, की मोकळीक दिली की पोरं मोबाईल घेऊन बसतात. बसतातच. पण आत्ताही बसतात, फक्त ‘रसायनशास्त्र’ असं लिहिलेल्या चौकोनात.

तिसरा आक्षेप खरा वजनदार, तो म्हणजे लातूर पॅटर्न, तिथल्या शाळा-शिकवण्यांची परीक्षेच्या तयारीची गाजलेली पद्धत. तिथं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक चालतं, मग इथं का नाही? लातूर 1982 पर्यंत आपल्याच (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात होतं, त्यामुळे ही तुलना आपल्याला जरा जास्तच झोंबते. पण तिथलं वेळापत्रक पोरगं एकटं रेटत नाही, ते शिकवणारे आणि पेपर तपासणारे रेटतात. आणि त्याचा जोर तासांवर कमी, वरचेवर होणाऱ्या सराव-चाचण्यांवर जास्त. चाचणी म्हणजे विसरलेलं उकरून काढणंच. कळंबच्या घरात बसून ते तास उचलणं म्हणजे वऱ्हाड सोडून नुसता बॅंड आणणं. उचलायच्याच तर त्या चाचण्या उचलाव्यात; जिल्हा वेगळा होताना झालेल्या वाटणीतली तेवढी एक बाब आपण अजून मागू शकतो.